खोक्यावरचे वॅट आणि आतले वॅट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खरेदीविषयक पानांवर आणि जाहिरातींत स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरची ओळख एकाच आकड्याने करून दिली जाते: इतके वॅट. साहजिकच ज्याचा आकडा मोठा आणि किंमत कमी, तो वाचक उचलतो. घरच्या दोन स्पीकरसाठी बेताच्या खर्चात पॉवर अ‍ॅम्प्लिफायर शोधणाऱ्याची फसगत इथेच होते, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

किती ओहमच्या भारावर (म्हणजे स्पीकरच्या रोधावर), दोन्ही चॅनेल एकदम चालवून की एकच, कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कुठपर्यंत आणि किती टक्के डिस्टॉर्शनवर (आवाजाच्या विकृतीवर), हे सांगितल्याशिवाय वॅटच्या आकड्याला अर्थ नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातींसाठी अशा तपशिलांचा नियम केला. पीएमपीओ (क्षणिक शिखर-शक्ती) नावाच्या आकड्यामागे तर कोणतेही मानक नाही, तो वाचूच नये. १० टक्के डिस्टॉर्शनवर सांगितलेली शक्ती १ टक्क्यावरच्या शक्तीपेक्षा साधारण पाव पटीने जास्त दिसते, आणि स्वस्त क्लास डी (आउटपुट वेगाने चालू-बंद करून चालणाऱ्या) अ‍ॅम्पचे आकडे बहुधा १० टक्क्यांचेच असतात. इतक्या डिस्टॉर्शनला गाणे फाटलेले ऐकू येते.

खोक्यावर काहीही छापलेले असो, खरी शक्ती वीजपुरवठ्यावरून काढता येते. आजचे लहान क्लास डी अ‍ॅम्प बहुतेक ब्रिज जोडणीचे असतात, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोके उलटसुलट चालवली जातात. अडॅप्टरच्या व्होल्टेजचा वर्ग करा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. २४ व्होल्ट आणि ८ ओहम असेल तर ५७६ भागिले १६, म्हणजे ३६ वॅट. ही झाली कमाल मर्यादा. आतली घट धरली की स्वच्छ असे ३० च्या आसपास उरतात. त्याच अ‍ॅम्पवर ‘१०० + १००’ लिहिलेले असेल तर ते ८ ओहमवर कधीच मिळणार नाहीत. ३२ व्होल्टला हीच मर्यादा ६४ वॅट होते, ४८ ला १४४. मग अँपिअर पाहा. २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर एकूण १२० वॅट देतो. त्यातून दोनशे वॅट सतत बाहेर येणे शक्य नाही. संगीताची सरासरी शक्ती शिखरांच्या मानाने फार कमी असते, त्यामुळे असा अ‍ॅम्प रोजच्या ऐकण्यात चालून जातो, हेही खरे.

व्होल्टेज वाढवून शक्ती वाढवण्याचा मोह मात्र तपासून करावा. टीपीए ३११६ या चिपला २६ व्होल्टच्या वर देऊ नये. टीपीए ३२५५ सुमारे ५३ व्होल्टपर्यंत जाते, पण बोर्डावरचे कपॅसिटर ५० व्होल्टचे असतील तर ४८ व्होल्टचा पुरवठा त्यांना काठावर नेऊन ठेवतो. आणि एवढ्या उठाठेवीतून मिळते किती? ३२ वरून ४८ व्होल्टवर गेले तर साडेतीन डेसिबल, म्हणजे आवाजात जाणवेल पण चकित करणार नाही इतकाच फरक.

ट्रान्सफॉर्मरवाल्या क्लास एबी अ‍ॅम्पलाही हीच परीक्षा लावा. ८ ओहमवर ५० वॅटसाठी शिखराला २८.३ व्होल्ट लागतात. २५-०-२५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून रेक्टिफायरनंतर (म्हणजे एसीचे डीसी झाल्यावर) दोन्ही बाजूंना ३४ च्या आसपास मिळतात, ते पुरतात. दोन चॅनेल पूर्ण चालवले तर ओढ १६० वॅटच्या घरात जाते, म्हणून २०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) ट्रान्सफॉर्मर हवा. तेवढ्या ट्रान्सफॉर्मरचेच वजन दोन किलोच्या आसपास भरते. अख्खा अ‍ॅम्प हातात घेतल्यावर दोन किलोचा लागत असेल आणि आत एसएमपीएस (हलका स्विचिंग वीजपुरवठा) नसेल, तर दावा खोटा समजावा.

बरे, लागतात तरी किती वॅट? स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (एक वॅटला एक मीटरवर येणारा आवाज) ८७ डेसिबल आहे आणि तुम्ही तीन मीटरवर बसता असे धरू. अंतरापोटी मोकळ्या जागेच्या हिशेबाने साडेनऊ डेसिबल वजा करा आणि दोन स्पीकरचे म्हणून तीन मिळवा. दर चॅनेलला एक वॅट दिला तर कानापाशी साडेऐंशी डेसिबल येतात, आणि खोलीत भिंतींमुळे प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्तच. सरासरी ७५ डेसिबलवर ऐकायचे आणि शिखरांसाठी वर २० सोडायचे, तर ९५ पर्यंत जायला २८ वॅट पुरतात. तेच स्पीकर ८२ डेसिबलचे असतील तर ९० वॅट लागतील. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल; ५० चा सोडून ६० चा अ‍ॅम्प घेण्यात एक डेसिबलसुद्धा मिळत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घेऊन वाचवावेत. फक्त एक खोच लक्षात ठेवा: ४ ओहमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टवर दिली असेल तर तो आकडा दोन वॅटचा असतो. त्यातून ३ डेसिबल वजा करूनच तुलना करावी.

पॉवर अ‍ॅम्पला बहुधा व्हॉल्यूमची कळ नसते, हे पुष्कळांना घरी आणल्यावर कळते. आधी आवाज कमी-जास्त करणारा प्रीअ‍ॅम्प किंवा व्हॉल्यूम असलेला डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारे उपकरण) लागतो. २६ डेसिबल गेन (इनपुटचे व्होल्टेज वाढवण्याचे प्रमाण) म्हणजे २० पट. एक व्होल्ट इनपुटला २० व्होल्ट आउटपुट, म्हणजे ८ ओहमवर ५० वॅट. बहुतेक डॅक दोन व्होल्ट देतात, त्यामुळे यापेक्षा जास्त गेन घेऊन हाती काही लागत नाही. उलट ट्वीटरमधून सतत ‘सऽऽ’ ऐकू येतो आणि व्हॉल्यूमची कळ पहिल्या पाव फेरीतच संपते.

एक चूक अ‍ॅम्पचा जीव घेते. ब्रिज जोडणीच्या अ‍ॅम्पमध्ये काळे टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे. त्यावरही पुरवठ्याच्या निम्मे व्होल्टेज असते. दोन्ही चॅनेलची काळी टर्मिनले एकत्र करणे, किंवा सबवूफरची ग्राउंडवाली वायर तिथे जोडणे, म्हणजे चिप जाळणे. काही क्लास डी अ‍ॅम्पमध्ये फीडबॅक (आउटपुट तपासून चूक सुधारणारा सिग्नल) आउटपुट फिल्टरच्या आधीच घेतलेला असतो. त्यांचा वरचा पट्टा (उंच, बारीक स्वर) स्पीकरच्या ओहमप्रमाणे बदलतो, ४ ओहमसाठी जुळवलेला अ‍ॅम्प ८ ओहमवर टोचरा वाटतो, आणि दोष स्पीकरवर जातो.

जुना क्लास एबी अ‍ॅम्प हा अजूनही पैशाला जागणारा पर्याय, पण मल्टिमीटर घेऊनच जावे. ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प पहिल्यांदा सिरीज बल्बवर (मेन्सच्या वाटेत ओळीने जोडलेल्या दिव्यावर) लावा: बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता, इनपुट शॉर्ट करून, दहा मिनिटांनी आउटपुटवरचे डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टपर्यंत चिंता नाही. काही व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असू शकतो, आणि तो अ‍ॅम्प वूफरची कॉइल जाळेल. हळू आवाजात एक चॅनेल गायब होतो आणि आवाज वाढवला की परत येतो, हे बहुधा रिलेच्या (स्पीकर जोडणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या) काळवंडलेल्या कॉन्टॅक्टचे लक्षण. रिले बदलला की काम होते. त्या कारणाने भाव मात्र पाडून घ्यावा.

घरघर ऐकू आली तर इनपुटच्या वायरी काढून पाहा. तरीही राहिली तर फिल्टर कपॅसिटर सुकले असतील. गेली तर ते अर्थ लूप (उपकरणांच्या अर्थमधून फिरणारा प्रवाह); जोडलेली उपकरणे एकेक करून काढली की अपराधी सापडतो. अर्थची पिन तोडण्याचा ‘उपाय’ सर्रास सांगितला जातो, तो जिवावर बेतणारा आहे. सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकावा.

आपल्या पानावर यापुढे अ‍ॅम्प्लिफायरची तुलना छापाल तेव्हा वॅटच्या रकान्याशेजारी ओहम, डिस्टॉर्शनचा टक्का आणि पुरवठ्याचे व्होल्ट-अँपिअर हे तीन रकाने द्यावेत, ही विनंती. जागा कमी पडली तर वॅटचा रकाना गाळला तरी चालेल.

आपला,
एक वाचक

ता. क. स्पीकरची वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची पुरे. पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहम होतो. त्याहून महाग वायरीचे पैसे स्पीकरमध्ये घालावेत.