तीन वर्षं शिकून शेवटी जी.पी.च?

ओहायो, जुलै अखेर

ती. काका आणि सौ. काकूंना सा. न.

रविवारी फोनवर माझ्या इथल्या फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीबद्दल (हॉस्पिटलात काम करत करत घ्यायचं तीन वर्षांचं शिक्षण) तुम्ही जे बोललात त्यावर मी नुसती हसले, कारण मागे बाबाही हसत होते आणि तुम्हाला उत्तर नकोच होतं. ‘एम.बी.बी.एस. होऊन पुन्हा तीन वर्षं शिकायचं आणि शेवटी जी.पी.च, म्हणजे गल्लीतला साधा डॉक्टरच व्हायचं? ते मी नौपाड्यात फुकट शिकवलं असतं!’ काका, तुम्ही शिकवलं असतंत याबद्दल मला शंका नाही. पण तुम्हाला कुणी शिकवलं? तुम्हीच सांगता की दवाखाना उघडला तेव्हा पुढच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या एल.सी.पी.एस. (जुन्या छोट्या अभ्यासक्रमाच्या) डॉक्टरांकडे रोज रात्री जाऊन बसायचात, दिवसभरात अडलेल्या केसेस विचारायचात, आणि ते पान लावत लावत उत्तरं द्यायचे. ते नसते तर? तुमच्याच बॅचमधल्या कितीजणांना असं कुणी भेटलंच नसेल. इथे त्या म्हाताऱ्या डॉक्टरांची सोय नियमाने करून ठेवली आहे, एवढाच काय तो फरक.

आणि ती इथेही पहिल्यापासून नव्हती. अमेरिकेतही एक वर्षाची इंटर्नशिप करून पाटी लावायची हीच रीत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जो तो स्पेशालिस्ट होऊ लागला, गावोगावचे जी.पी. म्हातारे झाले आणि त्यांच्या जागी यायला कुणी मिळेना. मग १९६९ मध्ये फॅमिली मेडिसिन हा विषय स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून मान्य झाला, तीन वर्षांचं शिक्षण आलं, परीक्षा आली. त्या लोकांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला फार आवडते: प्रमाणपत्र जन्मभराचं दिलंच नाही. ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा, हे पहिल्या दिवसापासून. बाकीच्या मोठ्या स्पेशालिटींना हे शहाणपण पुष्कळ नंतर सुचलं. आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत तीस क्रेडिट दाखवावे लागतात, आणि ते तुम्ही कसे गोळा करता ते मला काकूने सांगितलंय. जेवण चांगलं असेल त्या सी.एम.ई.ला (ज्या व्याख्यानांना हे क्रेडिट मिळतात) पुढच्या रांगेत!

आपल्याकडे १९४६ च्या भोर समितीने एल.सी.पी.एस.सारखे छोटे अभ्यासक्रम बंद करून एकच पुरता शिकलेला डॉक्टर घडवायचं सुचवलं. विचार उत्तम होता. पण तो डॉक्टर कॉलेजातून बाहेर पडल्यावर त्याला दवाखान्यात बसायला कोण शिकवणार, हे कुणी बघितलं नाही. आता फॅमिली मेडिसिनचं डी.एन.बी. (एम.डी.च्या तोडीची पदव्युत्तर पदवी) आहे, कोळीकोडला सरकारी कॉलेजात एम.डी.सुद्धा आहे. तरी माझ्या कळव्याच्या मेडिकल कॉलेजातल्या बॅचमध्ये त्याचा फॉर्म भरलेला मला एकही मुलगा आठवत नाही. नीटच्या रँकवर रेडिओलॉजी किंवा डर्मा मिळत असताना फॅमिली मेडिसिन घेतलं म्हणून घरी सांगितलं तर काय होईल, हे मी तुम्हाला सांगायला नको. आईचा चेहरा तुम्ही पाहिलाच आहे.

असो. पत्र लिहायला बसले ते नव्या तुकडीबद्दल. इथलं वर्ष एक जुलैला सुरू होतं. आता मी दुसऱ्या वर्षाला, आणि आमच्या हाताखाली आठ नवे आलेत. त्यांना इंटर्न म्हणतात, पण आपल्या इंटर्नसारखी पोरंटोरं नव्हेत. इथे बारावीनंतर लगेच मेडिकल नाही. आधी चार वर्षांची कुठल्याही विषयातली पदवी, मग मेडिकलची चार वर्षं. त्यामुळे माणूस इथवर पोचतो तो काहीतरी जगून, आणि पुष्कळदा मध्ये दुसरीच नोकरी करून.

आठातली एकजण अनेक वर्षं ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक होती. तिला मेडिकलला जावंसं का वाटलं विचारलं तर म्हणाली, ‘तोच म्हातारा, तेच घर, तोच पडलेला जिना. दर दोन महिन्यांनी उचलून आणायचे आणि पुन्हा तिथेच सोडायचे. मला तो जिना दुरुस्त करायचा होता.’ पहिल्याच आठवड्यात वॉर्डात एकाचं बीपी कोसळलं तेव्हा बाकीचे कॉम्प्युटरकडे धावले आणि ही पेशंटचे पाय वर करून, शीर शोधून मोकळी. पण तीच दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये डायबेटिसच्या एका बाईसमोर अडकली. तिथे घाईचं काहीच नव्हतं. सहा महिन्यांनी काय होईल याचा विचार करून आज गोळी बदलायची होती. ॲम्ब्युलन्समध्ये सहा महिने नसतात.

दुसरा इथलाच, मका-सोयाबीनवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. हा एम.डी. (इथली डॉक्टरकीची पहिलीच पदवी) नाही, डी.ओ. (ऑस्टिओपॅथीचा डॉक्टर) आहे. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते: १८९२ मध्ये मिसूरीत अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरने वेगळं कॉलेज काढलं, हाडं-स्नायू हाताने तपासून उपचार करण्यावर भर देणारं. आज ही मंडळी औषधं, ऑपरेशनं सगळं आपल्यासारखंच शिकतात, लायसन्सही पूर्ण असतं, आणि त्यावर दोनशेहून अधिक तास हे हातांचं काम. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सी एकाच छत्राखाली आल्यात. पाठ धरलेल्या माणसाला हा टेबलावर आडवा करतो आणि पंधरा मिनिटांत तो उठून बसतो. आपल्याकडे याला हातगुण म्हणाले असते आणि बाहेर रांग लागली असती. त्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, इथल्या सरासरीने दोन लाख डॉलरच्या आसपास. रेसिडेंटचा पगार वर्षाला साठ-पासष्ट हजार. कार्डिओलॉजीत गेला असता तर कर्ज लवकर फिटलं असतं. पण याला आपल्याच तालुक्यात बसायचंय.

तिसरी लाहोरची. तिच्याशी मी हिंदीत बोलते, ती माझ्याशी उर्दूत, आणि आमच्या दोघींच्या चहाला बाकीचे वास घेत येतात. ती तिकडे चांगली सहा वर्षं डॉक्टरकी करून आलेली. इथे तिला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहावं लागलं. परदेशी डॉक्टर कितीही मुरलेला असो, स्टेप वन, स्टेप टू (इथल्या लायसन्सच्या परीक्षा), इंग्रजीची परीक्षा, कागदपत्रांची पडताळणी हे सगळं करून मगच अर्ज, आणि मग पूर्ण रेसिडेन्सी. मला यातून जाताना फार चीड यायची. अजूनही थोडी येते. पण एक कबूल करते, तिच्या अनुभवाचा उपयोग तिला वरचढ वाटण्यात होत नाही, कामात होतो. रात्री तीनला बाळ निळं पडलं तर मी तिलाच हाक मारीन.

चौथा न्यूजर्सीचा गुजराती मुलगा, इथे सीट मिळाली नाही म्हणून कॅरिबियन बेटावरच्या कॉलेजातून शिकून आला. बाकीच्यांत एक शाळामास्तर होता, एक लेगोसची, दोघं सरळ वाटेने आलेले. त्यांच्याबद्दल पुढे कधी.

यांना निवडतात कसं, हा तुमचा दुसरा प्रश्न. आपला प्रवेशाचा कॅप राउंड असतो तसाच, फक्त यादी दोन्हीकडून जाते. आम्ही हॉस्पिटलांची पसंती लावायची, हॉस्पिटलांनी आमची, आणि कॉम्प्युटर जोड्या लावतो. लागलेली जोडी बांधील, नाही म्हणता येत नाही. ही पद्धत १९५२ पासून आहे. आजचं तिचं गणित ज्या अभ्यासावर उभं आहे, त्यासाठी लॉइड शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मार्चमधल्या एका सोमवारी ‘लागलं की नाही’ एवढंच कळतं आणि कुठे लागलं ते शुक्रवारी. ते चार दिवस मी कसे काढले ते आईला विचारा.

फॅमिली मेडिसिनच्या जागा पाच हजारांच्या वर असतात आणि त्यातल्या बऱ्याच दरवर्षी रिकाम्या राहतात. म्हणजे इथेही हुशार मुलांचा ओढा दुसरीकडेच आहे, हे तुमच्या समाधानासाठी. पण या वर्षी मुलाखतींना मीही बसले होते. २०२२ पासून स्टेप वनचे गुणच देत नाहीत, फक्त पास-नापास. त्यामुळे कागदावर सगळे सारखे दिसायला लागले आणि ‘याआधी काय केलंत’ हा प्रश्न जड झाला. मला तर वाटतं, चांगलं झालं. आमच्या आठांतल्या बहुतेकांनी आयुष्यात फक्त परीक्षा दिलेल्या नाहीत.

आता शिकवतात काय. मेडिसिनचा वॉर्ड, मुलं, लेबर रूम, कॅज्युअल्टी, आय.सी.यू., सर्जरी, वृद्धाश्रम, सगळीकडे पाळीपाळीने. आठवड्याला सरासरी ऐंशी तासांची मर्यादा आणि सात दिवसांत एक सुट्टी. कळव्याला आमच्या रेसिडेंटना हे सांगितलं असतं तर त्यांनी माझा ताप बघितला असता. या सगळ्यात क्लिनिक मात्र कधी सुटत नाही. पहिल्या वर्षी प्रत्येकाला त्याचे स्वतःचे पेशंट नेमून देतात आणि ते तीन वर्षं त्याचेच. बाई गरोदर आली तर बाळंतपण त्यानेच करायचं, बाळालाही त्यानेच बघायचं, आणि आजीलाही. पूर्वी नियम होता की तीन वर्षांत क्लिनिकमध्ये १,६५० भेटी झाल्या पाहिजेत. काका, तुमचा तो एक महिन्याचा आकडा आहे! २०२३ पासून भेटी मोजणं सोडून तास मोजतात, किमान एक हजार.

पेशंट तपासून इंटर्न बाहेर येतो, बाजूच्या खोलीत एक बुजुर्ग डॉक्टर बसलेले असतात, त्यांना केस सांगतो. पहिले सहा महिने ते बुजुर्ग स्वतः उठून प्रत्येक पेशंटला बघतात. इंटर्नने ‘व्हायरल ताप’ म्हटलं की ते विचारतात, ‘आणि व्हायरल नसेल तर काय असेल?’ उत्तर ठाऊक असतानाही विचारतात. तुमचे ते पान लावणारे डॉक्टर हेच करायचे ना?

जे तुम्हाला अजिबात पटणार नाही तेही लिहिते. पेशंटची परवानगी घेऊन आमचं बोलणं कॅमेऱ्यावर घेतात आणि एक मानसतज्ज्ञ बाई ते आमच्याबरोबर बसून बघतात. पेशंट बोलायला लागल्यावर आपण किती लवकर त्याला तोडतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं म्हणजे शिक्षाच. शिवाय महिन्यातून दोनदा सगळे गोल बसतात आणि एकजण असा पेशंट सांगतो जो त्याच्या डोक्यातून जात नाही. औषध, निदान यावर एक शब्द नाही. फक्त त्या पेशंटचं आणि त्या डॉक्टरचं काय चाललंय. मायकेल बॅलिंट नावाच्या मूळच्या हंगेरियन डॉक्टरने १९५० च्या दशकात लंडनच्या जी.पी.ंसाठी हे सुरू केलं. पहिल्यांदा मला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला होता. आता मी त्या दिवशी ड्युटी बदलून घेते.

मन हा या कामाचा निम्मा भाग आहे. नैराश्य, दारू, गोळ्यांचं व्यसन हे सगळं क्लिनिकमध्येच बघतो. अफूवर्गी गोळ्यांनी ओहायोचं फार नुकसान केलंय. व्यसन सोडवणारं ब्युप्रेनॉर्फिन लिहायला पूर्वी वेगळी परवानगी लागायची, ती अट २०२२ च्या अखेरीस गेली, आणि आता आमचा इंटर्नसुद्धा देखरेखीखाली ते सुरू करतो. आपण ज्या गावचे, त्या गावाच्या नावाचा उभ्या महाराष्ट्राने विनोद करून ठेवलाय. ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हटलं की लोक हसतात. नव्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा शाळामास्तर म्हणाला, ‘म्हणजे तुमच्याकडे निदान पाठवायला जागा तरी होती.’

यांना येत नाही तेही आहे. लाहोरची आणि लेगोसची सोडली तर टी.बी. कुणी पाहिलेला नाही. पावसात साचलेल्या पाण्यातून चालून आलेला, डोळे लाल, पोटऱ्या ठणकतात म्हणणारा माणूस समोर आला तर लेप्टो (अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) मनात यायला वेळ लागेल, तोवर मूत्रपिंडं जातील. आणि पैशांचा अंदाज नाही. इथे आमिश लोक (आधुनिक यंत्रं टाळणारा ख्रिस्ती पंथ) येतात, घोड्याच्या बग्गीतून. ते विमा काढत नाहीत, मोठं बिल आलं तर समाज मिळून भरतो. अशा माणसाला एम.आर.आय. लिहिण्याआधी दहादा विचार करावा लागतो. नवी मुलं गडबडतात. मला ते सोपं जातं, कारण लहानपणी तुमच्या दवाखान्याच्या बाकावर गृहपाठ करत असताना ‘हे आत्ता नको, तीन दिवस बघू’ हे वाक्य मी रोज ऐकलंय.

म्हणून काम सांगते. आमचा बुधवारी दुपारी वर्ग असतो. सप्टेंबरमधला एक बुधवार मी तुमच्या नावाने मागितलाय. विषय: तपासण्या न लिहिता ताप कसा बघावा. इथले दुपारचे बारा म्हणजे तुमचे रात्रीचे साडेनऊ. पेशंट नऊला आटपा, कंपाउंडरकाकांना नवा नंबर घेऊ देऊ नका. अर्धा तास बोलायचं, पुढे प्रश्न. स्लाइड वगैरे नकोत. इंग्रजीची काळजी करू नका, अडलं तर मी आहे, आणि लाहोरवाली आहे. फक्त मलेरियाच्या जुन्या स्लाइडचे फोटो असतील तर दादाकडून काढून पाठवा. इथल्या पोरांनी मलेरियाही पुस्तकातच बघितलाय.

आईला एवढं सांगा की व्हिसाचं अजून ठरलेलं नाही. माझ्या व्हिसाच्या नियमाप्रमाणे रेसिडेन्सी संपली की दोन वर्षं भारतात परतायचं, नाहीतर इथे डॉक्टर मिळत नाहीत अशा गावात तीन वर्षं काम करायचं. मी दोन्हीला तयार आहे, म्हणून तिने उगाच शेजाऱ्यांना काही कळवू नये.

काकूला, मेतकूट पोचलं. अर्धं लाहोरला गेलं.

तुमची,
छोटी