अणुभट्टीला चिलखत हवे, तशी जोडही हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील ‘स्पेस इंजिनिअर्स’ या अंतराळयान बांधण्याच्या खेळावरचा लेख मी अकरावीतल्या भाच्यासोबत वाचला. यानाची अणुभट्टी मधोमध ठेवून ती सर्व बाजूंनी जड आर्मरने, म्हणजे जाड चिलखताने, बंदिस्त करावी, एवढाच सल्ला त्यात आहे. आम्ही दोघे दीड वर्षापासून हा खेळ खेळतो आणि आमच्या अनुभवात हा सल्ला अपुरा ठरला आहे.

मोठ्या यानातील मोठी अणुभट्टी लांबी, रुंदी आणि उंचीला तीन-तीन ब्लॉक (यान रचण्याचे चौकोनी ठोकळे) व्यापते. तिच्याभोवती एकच थर द्यायचा म्हटले तरी 98 ब्लॉक लागतात आणि जड आर्मरचा प्रत्येक ब्लॉक 3,300 किलोचा असल्याने तो थर सुमारे 323 टनांचा होतो. दुसरा चढवला की एकूण भार 1,000 टनांपुढे जातो. तो पेलायला थ्रस्टर, म्हणजे यानाला ढकलणारी इंजिने, वाढवावे लागतात आणि थ्रस्टर वाढले की विजेची गरजही वाढते. हलक्या आर्मरचा ब्लॉक अवघा 500 किलोचा असतो. म्हणून बाहेर हलका थर, मग दोन-तीन ब्लॉकांची पोकळी आणि भट्टीलगत जड थर, अशी रचना आम्ही करतो. रॉकेट बाहेरच्या थरावर फुटते आणि त्याचा बराचसा जोर पोकळीतच ओसरतो. युरेनियम पोचवणारा कन्व्हेयर ज्या जागी हे चिलखत भेदून आत शिरतो, ती जागा मात्र कच्चीच राहते.

हे सारे रक्षण वीज चालू राहावी यासाठीच आहे. शत्रूच्या तोफांना वीजयंत्रणेवरच नेम धरायला सांगता येते. एकुलती एक भट्टी गेली, किंवा यान मधोमध तुटले आणि आपण बिनभट्टीच्या अर्ध्यात राहिलो, की थ्रस्टर, यान वळवणारे जायरोस्कोप, तोफा एकदमच मुक्या होतात. रावेरकडच्या केळीवाल्याला हे दुःख ठाऊक आहे. गेल्या वैशाखात आमच्या शिवारातली डीपी (विजेचे रोहित्र) जळाली आणि नवी बसेपर्यंत आठ दिवस गेले; विहिरीत पाणी असून केळी होरपळली, कारण साऱ्या मोटारी त्या एकाच डीपीवर होत्या. जपानमध्ये 11 मार्च 2011 रोजी त्सुनामीने फुकुशिमा दाईची केंद्रातले बहुतेक डिझेल जनरेटर निकामी केले, तेव्हा 6 क्रमांकाच्या भट्टीचा उंचावर बसवलेला, हवेने थंड होणारा एक जनरेटर वाचला आणि त्याच्याच विजेवर 5 व 6 क्रमांकाच्या भट्ट्या सावरल्या.

मोठ्या यानाची मोठी भट्टी 300 मेगावॅट वीज देते, छोटी 15 आणि बॅटरी 12. रोजच्या प्रवासाला मोठी भट्टी असू द्यावी. पण एक छोटी भट्टी शेपटाकडे आणि तीन-चार बॅटऱ्या चालकाच्या कक्षामागे बसवाव्यात, म्हणजे तुटलेले यानही निदान रेंगाळत तळावर परतू शकते.

पुरवणीत पुढचा भाग येणार असेल, तर यानाची प्रत क्रिएटिव्ह, म्हणजे साहित्याची चिंता न करता मोकळेपणी बांधण्याच्या, प्रकारात उतरवून तिच्यावर स्वतःच रॉकेट डागून पाहण्याची रीतही द्यावी, ही विनंती. भाच्याने तसे करून पाहिले तेव्हा भट्टी कन्व्हेयरच्या तोंडाकडूनच फुटली आणि त्याने ते तोंड त्याच रात्री यानाच्या मागच्या बाजूला वळवले.

आपला,
एक वाचक, ता. रावेर, जि. जळगाव