सोलापुरात काय होतंय बे, म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देशात कुठंही बॉम्ब फुटला, गोळीबार झाला की आपल्याकडं चार दिवस टीव्ही जोरात असतो, व्हॉट्सॲपवर शिव्यांचा पूर येतो आणि पाचव्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. मधी कुणी म्हटलंच की आपल्या गावातही जरा बघायला पाहिजे, तर उत्तर ठरलेलं, "सोलापुरात काय होतंय बे, आपल्याला कोण विचारतंय." त्यावरच लिहायचंय. जरा लांबतंय, पण शक्यतो कापू नका.

आधी हे सांगा, सोलापूरचा माणूस सोलापुरात बसून असतो कुठं? पूर्व भागातलं, म्हणजे आपल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं, एक घर दाखवा ज्याचं हैदराबादला कुणीच नाही. सोयरीक तिकडं, व्यवहार तिकडं. माझाही टॉवेलचा छोटा धंदा आहे त्यामुळं हैदराबादचा कोठी, दिलसुखनगर हा भाग मला आपल्या चाटी गल्लीइतकाच पाठ आहे. त्या कोठीत गोकुळ चाटवर लोक खात उभे होते आणि तिकडं लुंबिनी पार्कमधे लेझर शो बघायला बसले होते, २५ ऑगस्ट २००७ ची शनिवारची संध्याकाळ, दोन स्फोट आणि ४२ माणसं गेली. मग २१ फेब्रुवारी २०१३ ला दिलसुखनगरला, बस स्टॉपजवळ, दोन सायकलींवर ठेवलेले बॉम्ब, १८ जण गेले. सायकल! रस्त्याकडेला लावलेल्या सायकलीकडं कोण बघतंय?

पुण्याचं तसंच. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत टेबलाखाली कुणीतरी बॅग ठेवून गेलं, १७ जण गेले. आज आपली निम्मी पोरं पुण्यात शिकायला नाहीतर नोकरीला आहेत, शनिवारी संध्याकाळी अशाच ठिकाणी बसलेली असतात. आणि मुंबईला जाणारा सोलापूरकर परत येताना रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडतो, म्हणजे सीएसएमटीच्या लांबच्या गाड्यांच्या हॉलमधे सामान घेऊन बसलेला असतो. २६ नोव्हेंबर २००८ ला रात्री दहाच्या सुमाराला गोळीबार सुरू झाला तो त्याच हॉलमधे. तिथं मेले ते ताजमधे जेवायला आलेले नव्हते, जनरलच्या डब्यात जागा मिळावी म्हणून लवकर येऊन बसलेली साधी माणसं होती. त्या तीन दिवसांत सगळ्या ठिकाणचे मिळून १६६ लोक गेले आणि आपल्या डोक्यात चित्र राहिलं ते फक्त ताजच्या जळणाऱ्या घुमटाचं.

पहलगामला २२ एप्रिल २०२५ ला २६ जणांना मारलं, त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तिथलाच घोडेवाला. नंतर तिकडची ८७ पैकी ४८ पर्यटनाची ठिकाणं सरकारला बंद करावी लागली. म्हणजे घोडेवाल्याचं, ड्रायव्हरचं, शिकारेवाल्याचं पोट बंद. गोळी लागली नाही त्यांचंही नुकसान झालंच की.

आता माझा खरा मुद्दा. आपण सुरक्षेच्या नावाखाली माणसांचे चेहरे बघत बसतो. कुणाची दाढी, कुणाचं आडनाव, कुणाची भाषा. आणि जे बघायला पाहिजे ते, म्हणजे बेवारस सामान, चोरीची गाडी, खोट्या कागदावरचं सिम, न सांगता ठेवलेला भाडेकरू, हे सगळं तसंच सोडून देतो. वर जेवढे प्रकार लिहिले त्यातल्या बऱ्याच ठिकाणी चेहरा नव्हताच, वस्तू होती.

अहमदाबादचं बघा. २६ जुलै २००८, तासाभरात वीसेक स्फोट, ५६ जण गेले. गाड्या वापरल्या त्या नवी मुंबईतून चोरलेल्या. धमकीचा मेल गेला तोही नवी मुंबईतूनच, एका परदेशी माणसाचं वायफाय उघडं होतं त्याच्यावरून, तो बिचारा चौकशीत अडकला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जखमींना घेऊन लोक सिव्हिल हॉस्पिटलला धावले तर तिथं बॉम्ब ठेवलेला. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडं साधा ॲक्सिडेंट झाला तरी शंभर माणूस गोल करून उभा राहतो, निम्म्यांच्या हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. स्फोटानंतर अशी गर्दी जमणार हे ठेवणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो दुसरा ठेवतो. लांब व्हा, ॲम्ब्युलन्सला वाट द्या, एवढं जरी पोरांना शाळेत शिकवलं तरी पुष्कळ.

आणि १९९३? १२ मार्चला मुंबईत २५७ लोक गेले त्याचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला उतरलं. कस्टममधल्या आणि पोलिसातल्या काही जणांनी पैसे घेऊन माल जाऊ दिला, पुढं कोर्टात त्यांना शिक्षाही झाल्या. त्यांना वाटलं असेल नेहमीसारखी तस्करीची चांदी असेल, आपल्याला काय. मला तर हे "आपल्याला काय" बाँबइतकंच वाईट वाटतं.

चेहरे बघण्यातून काय होतं तेही सांगतो, आणि हे उदाहरण आपल्या जिल्ह्यातल्या माणसांचंच आहे, लोक विसरलेत. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात राईनपाडा. व्हॉट्सॲपवर पोरं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा फिरत होती आणि आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या पाच गोसाव्यांना जमावानं पकडून, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडचे. नाथपंथी डवरी गोसावी, पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणारी माणसं. अतिरेकी हल्ल्याशी त्याचा संबंध नाही हे मला कळतंय, पण घाबरलेला जमाव अनोळखी माणसाचं काय करतो हे त्यातून कळतं, आणि अतिरेक्याला तरी दुसरं काय हवं असतं? आपण एकमेकांकडं संशयानं बघावं हेच ना. आपल्या विजापूर वेशीतला मुसलमान आणि बाळीवेशीतला हिंदू एकमेकांच्या दुकानात जायचं बंद झाला तर त्याचं काम फुकटात झालं.

तपासातही तेच. मालेगावला ८ सप्टेंबर २००६ ला कब्रस्तानापाशी स्फोट झाले, नऊ मुसलमान तरुण पकडले, काही वर्षं जेलमधे काढली आणि २०१६ ला कोर्टानं आरोपातून सोडून दिलं. मालेगावच्याच २००८ च्या स्फोटाच्या केसमधे सातही आरोपी जुलै २०२५ मधे सुटले. मुंबईच्या लोकलमधे ११ जुलै २००६ ला ११ मिनिटांत सात स्फोट, १८० च्या वर माणसं गेली, ज्यांना शिक्षा झाली होती त्या सगळ्यांना हायकोर्टानं १९ वर्षांनी सोडलं आणि सरकार आता सुप्रीम कोर्टात. कोण दोषी कोण नाही हे मी ठरवणारा कोण, पण ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्यानं कुणाकडं बघायचं? आणि खरा करणारा जर सुटून गेला असेल तर तो आज कुठंय, हा प्रश्न सेफ्टीचाच आहे की नाही?

त्यामानानं कामाला आली ती साधी माणसं. २६ नोव्हेंबरच्या त्या रात्री सीएसएमटीला लोकलच्या बाजूला अनाउन्सर विष्णू झेंडे केबिनमधूनच दिसेल ते बघून लोकांना सांगत राहिले की इकडं येऊ नका, मागनं बाहेर पडा. तुकाराम ओंबळे, आपल्या साताऱ्याकडचे, हातात नुसती काठी, त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या पण सोडली नाही, म्हणून एक तरी जिवंत सापडला आणि सगळा कट बाहेर आला. नुसत्या काठीवर पोलिसाला पाठवणं ही शरमेची गोष्ट आहे ते वेगळं.

आता आपलं गाव. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे गड्डा असतो, संमती कट्ट्यावर अक्षता, होम मैदानावर दारूकाम, पाय ठेवायला जागा नसते. आषाढीला पंढरपुरात लाखांनी माणूस. अक्कलकोट, तुळजापूरची गर्दी तर बाराही महिने. बंदोबस्त असतो, पोलिस उन्हातान्हात उभे असतात, त्यांना नावं ठेवत नाही. पण एका गर्दीच्या ठिकाणी (नाव घेत नाही, उगीच कुणाच्या नोकरीवर नको) मेटल डिटेक्टरची चौकट आहे, ती प्रत्येक माणसाला कुईं कुईं करते आणि तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही, शेजारचा गार्ड रील बघत बसलेला. बाजूनं फटही आहे, घाईतली माणसं तिथनंच जातात. मग ती चौकट कशाला उभी केली, वीज जाळायला?

मला वाटतं गड्ड्याच्या आधी पोलिस आणि महापालिकेनं मिळून चार गोष्टी कराव्यात, फार खर्चाच्या नाहीत. बेवारस बॅगेबद्दलची अनाउन्समेंट मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि हिंदीतही व्हावी, निम्मं गाव त्या भाषा बोलतं. बॅग दिसली तर हात लावू नका, लोकांना लांब करा, ११२ ला फोन करा, बॉम्बशोधक पथक येईल, एवढंच सांगायचं. आणि फोन करणाऱ्याला "तू कोण, कुठला, तिथं काय करत होतास" असं धारेवर धरू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो गप निघून जाणार. शंभरातल्या नव्व्याण्णव बॅगा डब्याच्याच निघतील, निघू द्या.

घरमालकांनीही जरा लक्ष घालावं. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, वेबसाईटवरही भरता येते, पण आपल्याकडं भाडं वेळेवर येतंय ना मग झालं. जुनी गाडी विकली तर पैसे मोजून मोकळे होतात, आरटीओत नाव बदललेलं नसतं, उद्या ती गाडी कुठं सापडली तर पोलिस आधी तुमच्या दारात येणार. आणि संचार साथी म्हणून सरकारची साईट आहे, तिथं आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, आपलं नसेल तर तिथंच कळवता येतं. माझ्या एका ओळखीच्याच्या नावावर भलताच नंबर निघाला, झेरॉक्स कुठं दिली होती तेही त्याला आठवेना.

सगळं पत्र छापायला जागा नसेल तर सिमचं आणि ११२ चं तेवढं नक्की छापा, बाकी तुम्ही कापणारच आहात.

आपला,
एक टॉवेलवाला, सोलापूर