भोकं छोटी, ऑपरेशन मोठं: हे आधीच सांगितलंत म्हणून थँक्यू मॅडम

नमस्कार मॅडम, बाबांचं ऑपरेशन केलंत त्याचे आभार तर आहेतच, पण हे पत्र खरं तर ऑपरेशनच्या आधी तुम्ही जे स्पष्ट बोललात त्यासाठी आहे.

अन्ननलिकेचा कॅन्सर, केमो-रेडिएशन होऊन गेलेलं, आणि जो भेटेल तो म्हणत होता की हल्ली दुर्बिणीतून करतात, काही नसतं त्यात. आम्हीही तेच डोक्यात घेऊन आलो होतो. तुम्ही म्हणालात, भोकं छोटी असली तरी आतलं काम तेवढंच मोठं आहे, अन्ननलिका काढायची, आजूबाजूचे लिम्फ नोड म्हणजे छोट्या गाठी काढायच्या, जठराची नळी करून मानेपर्यंत वर आणायची आणि तिथे जोडायची. फरक पडतो तो छातीत, बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत म्हणून दुखतं कमी, दुखत नाही म्हणून पेशंट नीट खोकतो, खोल श्वास घेतो आणि न्यूमोनिया टळायची शक्यता वाढते. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या २०१२ च्या ट्रायलचा आकडा सांगितलात तेव्हा बाबा सरसावून बसले, पहिल्या दोन आठवड्यांत फुफ्फुसाचं इन्फेक्शन ओपनमध्ये, म्हणजे छाती उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये, २९ टक्के लोकांना आणि दुर्बिणीत ९ टक्के.

पण लगेच हेही सांगितलंत की जोड लीक व्हायचा धोका दुर्बिणीने संपत नाही, आणि आत काही अडचण दिसली तर मी सरळ ओपन करेन, त्याला ऑपरेशन फसलं असं म्हणायचं नाही. कोण सांगतं हो एवढं! आवाजाची नस अन्ननलिकेला लागूनच जाते हे माहीत होतं म्हणून बाबांचा आवाज बसला तेव्हा घरात रडारड झाली नाही, पोटात बसवलेल्या नळीतून फीड द्यायचं तेही शिकून घेतलं. श्वासाच्या व्यायामाच्या स्पायरोमीटरचे बॉल वर जाईपर्यंत मागे लागणाऱ्या फिजिओ ताईंनाही आमचा नमस्कार सांगा, बाबा त्यांना हेडमास्तरीण म्हणायचे.

आता आवाज बराचसा आलाय, थोडं थोडं पण दिवसातून बऱ्याच वेळा खातात. फक्त पुढच्या फॉलोअपला त्यांना जरा दम द्या, जेवण वर येतं हे माहीत असून जेवल्या जेवल्या आडवे होतात आणि आमचं काही ऐकत नाहीत.