पंखवाल्या घोड्यांच्या कादंबरीबद्दल तक्रार, फोनवर उत्तर मिळत नाही म्हणून लेखी

प्रति,
व्यवस्थापक आणि संपादन विभाग

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि लगेच लिहायला बसलेय. पुस्तक कुठलं ते तुम्हाला माहितीये, पंखवाल्या घोड्यांवरची तुमची एकच कादंबरी आहे, जांभळं कव्हर आणि त्यावर चंदेरी उठावाचे पंख. साताऱ्यात शाहूपुरीत मी मुलांचा वाचनाचा ग्रुप घेते, आठवी ते अकरावीची मुलं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवरून त्यांना महाश्वाचा, म्हणजे पंखवाल्या घोड्याच्या तारकासमूहाचा, तो मोठा चौकोन दाखवलेला, आपली पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा नक्षत्रं तिथलीच, तेव्हापासून पंखवाल्या घोड्याचं वेड लागलेलं आणि तुमची जाहिरात आली. सगळ्यांनी खाऊचे पैसे काढून प्री-बुकिंग केलं.

आधी पानांचं सांगते. १२८ नंतर १२९ यायला पाहिजे तिथं परत ११३ येतं, तेच सगळं पुन्हा १२८ पर्यंत, आणि मग थेट १४५. म्हणजे १६ पानांचा एक फर्मा दोनदा बांधलाय आणि पुढचा बांधलाच नाही. एका प्रतीत नाही, आमच्या सगळ्या प्रतींत. आणि गेलेली पानं कुठली, तर पहिल्या उड्डाणाची. १२८ वर ती मुलगी कड्याच्या टोकाला घोडीच्या आयाळीत हात घालून उभी आहे आणि वाक्य अर्ध्यात तुटतं. १४५ वर ती खाली उतरून पाणी पितेय.

हेच मी फोनवर सांगितलं. आधीच्या फोनला 'वरती कळवतो' म्हणून ठेवून दिलेलं, म्हणून आज मुद्दाम सिनिअरशी बोलायचंय म्हटलं. बराच वेळ होल्डवर ठेवल्यावर एक साहेब आले. मी पानांचे नंबर सांगितले. ते म्हणाले, "पण मॅडम, स्टोरी कळतेय ना?" मी म्हटलं, म्हणजे काय? "म्हणजे ते उडून पलीकडं पोहोचतात हे पुढं कळतंच की." मी म्हटलं, अहो, उडण्यासाठीच तर पुस्तक घेतलंय. त्यावर ते हसले. मला स्वच्छ ऐकू आलं, शेजारच्या कुणाला तरी काहीतरी बोललेही, आणि मग समजूत घातल्यासारखं मला म्हणाले, "मॅडम, मुलांचं पुस्तक आहे, मुलं एवढं बघत नाहीत."

फोन स्पीकरवर होता. मुलं समोर सतरंजीवर बसलेली. त्यातल्या नववीतल्या मुलीनंच ती पानं पहिल्यांदा पकडलेली, मी नाही, तिनं. तिच्यासमोर तुमचा माणूस म्हणतोय मुलं एवढं बघत नाहीत. मी त्यांना विचारलं की तुम्ही स्वतः हे पुस्तक वाचलंय का, तर म्हणे, "आम्हाला सगळी पुस्तकं वाचायला वेळ कुठं असतो?" ठीक आहे, तुम्हाला वेळ नसेल, पण मग ज्यांनी वाचलंय त्यांना हसू नका.

शेवटी व्हॉट्सॲपवर त्या १६ पानांची पीडीएफ आली. आणि खरं दुःख तिथं आहे, कारण पानं नव्हती तेच बरं होतं असं वाटलं. उड्डाण दीड ओळीत संपलंय. तिनं डोळे मिटले, वारा लागला, डोळे उघडले तेव्हा दरी मागं पडली होती. बास. उरलेल्या पानांत राजपुत्राशी भांडण. पीडीएफ यायच्या आधी मुलांनी ती गेलेली पानं स्वतः लिहिली होती, अजिंक्यताऱ्यावरून झेप घेऊन उरमोडीच्या पाण्यावरून सज्जनगडाकडं, आणि एकानं लिहिलं की चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आल्या की घोडा बिचकतो, पात्याच्या सावलीला घाबरतो, मग त्याला मानेवर थोपटून वळवावं लागतं. हे आठवीतल्या मुलाला सुचतं. तुमच्या अख्ख्या पुस्तकात घोडा एकदाही बिचकत नाही, घामेजत नाही, चंदी खात नाही. त्याच मुलाचे काका पाचगणीला टेबललँडवर घोडे फिरवतात, त्यानं विचारलं की खोगीर पंखाच्या पुढं घालायचं का मागं, आणि खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, आवळला तर पंख हलणार कसे? मी सगळं पुस्तक परत चाळलं, कुठंही नाही. डाव्या पंखात बाण घुसतो आणि पुढच्याच प्रकरणात तीच घोडी किल्ल्यावरून उडतेय, जखमेचा शब्द नाही. पंख काढून टाकले तरी गोष्टीत काही बदलत नाही, मोटारसायकल ठेवली असती तरी चाललं असतं. एडिटरनं हे वाचलं होतं का, एवढंच मला लेखी कळवा.

मागच्या कव्हरवर छापलंय, 'आपल्या पुराणांतल्या अश्वांची थरारक गाथा'. आत उच्चैःश्रव्याचं नाव एकदा येतं, तेही एका नावेचं नाव म्हणून. अहो, महाभारताच्या आदिपर्वात त्या घोड्याच्या शेपटीच्या रंगावरून कद्रू आणि विनतेची पैज लागते, कद्रूची नागमुलं केस बनून शेपटीला चिकटतात आणि विनता दासी होते. जुन्या अश्वशास्त्रात गोष्ट आहे की घोड्यांना पूर्वी पंख होते आणि इंद्राच्या सांगण्यावरून शालिहोत्र ऋषीनं ते कापले. एवढं सगळं घरात असताना पुराणांचं नाव नुसतं कव्हरवर विकायला वापरलं. ग्रीकांच्या पंखवाल्या पेगॅससवर बसायला बेलेरोफॉन या वीराला अथेना देवीकडून सोन्याचा लगाम घ्यावा लागला आणि तो देवांच्या ऑलिंपस पर्वतावर चढायला निघाला तेव्हा एका गोमाशीनं घोडा उधळला आणि हा खाली पडला. त्या गोष्टीत उडण्याला किंमत आहे. तुमच्यात सगळं फुकट आहे म्हणून काहीच भिडत नाही. मुलांच्या तोंडाला पानं पुसलीत तुम्ही, आणि पानं पण धड दिली नाहीत.

मला जास्त लागलं कारण तुमची जुनी पुस्तकं वाचत मी मोठी झालेय. भिलारला पुस्तकांच्या गावी मुलांना नेलं तेव्हा कपाटात तुमचं नाव दिसलं की मी कौतुकानं सांगायचे, हे बघा, हे लोक मुलांसाठी मनापासून काम करतात. आता सांगताना जीभ अडेल.

मागणी अशी. सगळ्या प्रतींचे पूर्ण पैसे परत, त्याच त्या फर्म्याची दुसरी प्रत नको. मागच्या कव्हरवरचा पुराणांचा दावा पुढच्या आवृत्तीतून काढा. आणि 'मुलं एवढं बघत नाहीत' या वाक्याबद्दल मुलांच्या नावानं लेखी माफी, मला नको, त्यांना. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यातच दाखल करता येतं आणि एवढ्या रकमेला फी पण लागत नाही. दुसऱ्या भागाचं प्री-बुकिंग सगळ्यांनी आजच रद्द केलंय, त्याचे पैसे वेगळे द्यायचे आहेत.

प्रती खोक्यात भरून ठेवल्यात. कुरिअर तुम्ही पाठवायचं, खर्च तुमचा.

एक वाचक आणि ग्रुपमधली सगळी मुलं
शाहूपुरी, सातारा