अंगठ्याची धार

येळ्ळूर,
रविवार, दुपार

बाळू,

दिवाळीपासून तुझे चार फोन आले, एकही उचलला नाही. राग नव्हता रे. फोन लागला की सून शेजारीच भाकऱ्या थापत असते, आणि हे तिच्यादेखत बोलायचं नव्हतं. पत्र तीन बैठकांत लिहितोय. अक्षराला हसू नकोस, तुझं दहावीतलं मी विसरलो नाही.

तब्येत बरी. बीपी गोळीवर.

गेल्या मंगळवारी चंद्रीनं मला लाथ मारली. कासंडी उलटली, पाच लिटर दूध शेणात. लाथेचं काही नाही, खरं ती का बसली ते तुलाच कळेल. मी अंगठा मुडपून धार काढत होतो. होय, मी!

काकूंनी दोघांना एकाच म्हशीखाली शिकवलं. तू अंगठा मुडपायचास आणि मी ओरडायचो, "काकू, हा सड सोलतोय बघा!" त्यावरून उकिरड्यावर झालेली मारामारी आठवते? (शर्ट मी फाडला नाही, खिळ्याला अडकला. अजूनही तेच म्हणतो.)

आता माझी मूठच मिटत नाही. मधलं बोट पहाटे वाकलं की तसंच राहतं, दुसऱ्या हातानं सरळ करायचं, कट्कन वाजतं. अंगठ्याकडच्या तीन बोटांना रात्रभर मुंग्या. दोन सड पिळले की हातातला दम संपतो, मग चंद्री पान्हा चोरते. एका डॉक्टरनं "वय झालं" म्हणत दोन वर्षं मलमावर काढली.

शेवटी बेळगावात दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बाई कन्नड, माझं कन्नड बाजारापुरतं. म्हणाल्या, "नमस्कार माडी." मला वाटलं, आत येताना नमस्कार केला नाही म्हणून सुनावतायत! घाईनं हात जोडले. त्या बोटांकडे बघतायत. तळवे टेकले, बोटं टेकेनात, मधून पेन्सिल जाईल एवढी फट. चांगळेश्वरीपुढे रोज हात जोडतो, खरं डोळे मिटून. कळणार कसं?

सगळं शुगरचं. चौदा वर्षं बिनभाड्याची राहतेय ती. रक्तातली जास्तीची साखर कातडीला आणि बोटं ओढणाऱ्या दोऱ्यांना चिकटते, म्हणे. गुऱ्हाळावर काकवी सांडलेली सुतळी वाळली की कशी होते? तसं. दोरी जाड होऊन तिच्या नळीत अडकते, म्हणून ते कट्. मनगटात नस दबते, मुंग्या तिच्या. पायाच्या भीतीनं मी रोज तळवे आरशात बघतो, हाताकडे कोण बघतंय?

मुठीनं दाबायचं यंत्र दिलं. उजवा 21 किलो, डावा 19. माझ्या वयाच्या गड्याचा तिसाच्या वर पाहिजे. बाळू, पेंडेच्या अर्ध्या पोत्याएवढीसुद्धा नाही रे मूठ!

बोटात सुई देता येते, खरं त्या सुईनं काही दिवस शुगर चढते. तीन महिन्यांची सरासरी शुगर माझी 9.4 आहे, ती आधी उतरवा म्हणाल्या. तोवर कोमट पाण्यात बोटं उघड-मीट करायची. पाणी मात्र दुसऱ्यानं बघायचं, मला चटका कळेलच असं नाही.

मुलगा म्हणतो, मशीन घेऊ, नाहीतर म्हैस विकू. मशीन येऊ दे, खरं पहाटे पाचला उठून मी करू काय? गोठ्यात नुसता उभा राहू? हे इथं कुणाला बोललो तर म्हणतात, आराम करा. आराम!

सध्या धार सून काढते. अथणीची पोरगी, अंगठा मुडपूनच काढते. आणि चंद्री गपचूप उभी! झालं समाधान?

पोरीचं ठरलं ऐकलं, आनंद झाला. तुझा गुडघा कसा आहे? चिंचवडच्या फ्लॅटला पाणी येतंय का? तुलाही शुगर नऊ वर्षं झाली, हात जोडून बघ एकदा, डोळे उघडे ठेवून. आणि फट किती ते खरं सांग.

लग्नाआधी एकदा येऊन जा. खव्याचा कुंदा आणून ठेवतो, मी शिवणार नाही. डब्याचं झाकण तेवढं तुलाच उघडावं लागेल.

तुझा,
परशा