प्रिंटरच्या टेबलाखाली पडलेली आमची कार्डे : आमच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

माननीय लोकप्रतिनिधी महोदय,

सविनय नमस्कार.

मी न्यू जर्सीतील आपल्या मतदारसंघात चोवीस वर्षे राहते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते आणि २०१२ पासून डेमोक्रॅटिक पक्षाची नोंदणीकृत मतदार आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात गेल्या सोमवारी पोहोचवली आहे. मराठीत लिहिण्याचे कारण असे, की २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत मी इथल्या मराठी घरांमध्ये फोन करून, दारे वाजवून आपल्या पक्षासाठी मते मागितली आणि त्या घरांना मी आज हिशेब देणे लागते.

डिसेंबर २०२४ मध्ये, आपला पक्ष अध्यक्षपदाची निवडणूक हरल्यानंतर महिनाभरात, आपण ग्रंथालयाच्या सभागृहात नागरिकांची सभा घेतलीत. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढे पांढरे कार्ड दिलेत आणि पक्षाचे काय चुकले ते मोकळेपणाने लिहायला सांगितलेत. प्रत्येक कार्ड मी स्वतः वाचेन, पक्षाच्या राष्ट्रीय समितीपुढे ठेवेन आणि नव्वद दिवसांत लेखी उत्तर देईन, असे आपण माईकवरून म्हणालात आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या कार्डावर एकच प्रश्न होता : अध्यक्षपदाचा उमेदवार कोण असावा, हे आमचे मतदान होण्याआधी कोण ठरवते? नव्वद दिवस उलटले, वर्षही उलटले. उत्तर आले नाही. फोनवर आले ते पंचवीस डॉलर वर्गणी मागणारे संदेश. गेल्या महिन्यात मी पाकिटे भरण्यासाठी आपल्या कार्यालयात आले होते. कागद आणायला मागच्या खोलीत गेले, तर प्रिंटरच्या टेबलाखाली ते खोके दिसले. कार्डांच्या गठ्ठ्याला त्या रात्री स्वयंसेवकाने लावलेले निळे रबर तसेच होते. रबर न काढता मी कोपरे उचलून पाहिले. सभेच्या दिवशी पाऊस होता आणि माझ्या ओल्या बाहीने पहिल्या ओळीतली शाई पसरली होती, त्यामुळे माझे कार्ड मला लगेच ओळखता आले.

महोदय, आमच्या तोंडाला पाने पुसली गेली, हे मला त्या टेबलाखाली वाकलेले असताना समजले. पण त्याची सुरुवात डिसेंबर २०२४ मध्ये झालेली नाही.

६ जून २०१६ ची रात्र आठवा. दुसऱ्या दिवशी न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियासह सहा राज्यांत पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी मतदान, म्हणजे प्रायमरी, व्हायची होती. माझा मुलगा अठरा वर्षांचा होता, त्याचे ते आयुष्यातले पहिले मत आणि ते तो बर्नी सँडर्स यांना देणार होता. मी स्वतः त्यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्या बाजूची होते, आमचा रोज जेवताना वाद होत असे आणि त्या वादाचा मला आनंद होता, कारण माझे मूल या देशाच्या कारभाराबद्दल तावातावाने बोलत होते. त्या रात्री असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जाहीर केले की क्लिंटन यांची उमेदवारी ठरली. उमेदवारीसाठी पक्षाच्या अधिवेशनातले २,३८३ प्रतिनिधी लागत होते. मतदारांनी निवडलेले १,८१२ क्लिंटन यांच्याकडे होते, उरलेले ५७१ सुपरडेलिगेट होते, म्हणजे खासदार, गव्हर्नर आणि पक्षाचे पदाधिकारी, ज्यांना आम्ही त्या कामासाठी निवडलेले नव्हते आणि ज्यांनी आपला कौल वृत्तसंस्थेला आधीच सांगून टाकला होता. त्यांत आपणही होतात. मुलाने फोन टेबलावर ठेवला आणि विचारले, "मग उद्या जायचे कशाला?" मी त्याला दुसऱ्या दिवशी जवळजवळ ओढत मतदानाला नेले. क्लिंटन आमच्या राज्यात मोठ्या फरकाने जिंकल्या, त्या तशाही जिंकल्या असत्या, आणि मला सर्वांत जास्त दुःख त्याचेच आहे. जिंकणाऱ्या बाजूलाही दुसऱ्या दिवसाची वाट पाहवली नाही. माझ्या मुलाने त्यानंतर एकदाही मतदान केलेले नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिशिगन १०,७०४ मतांनी ट्रम्प यांच्याकडे गेले. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांतील पिछाडी एकत्र केली तरी ती ७८ हजारांच्या आत होती, आणि यातली पहिली दोन राज्ये प्रायमरीत सँडर्स यांनी जिंकलेली होती. त्या राज्यांतला राग मार्च-एप्रिलमध्येच मतपेटीतून बोलला होता.

सुपरडेलिगेट आले कुठून, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न जिंकता उमेदवारी मिळवली, शिकागोत अधिवेशन चालू असताना महापौर डेली यांच्या पोलिसांनी बाहेर तरुणांना झोडपले आणि त्या लाजेपोटी पक्षाने नियम बदलून निवड मतदारांच्या हाती दिली. १९७२ मध्ये पक्षाचे उमेदवार मॅकगव्हर्न ४९ राज्ये हरले, १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर हरले, आणि पुढाऱ्यांनी १९८२ च्या आयोगातून स्वतःसाठी मागचे दार पुन्हा उघडून घेतले. २०१८ मध्ये अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेट मत देणार नाहीत असा नियम झाला. तेव्हा मला वाटले, चला, आता तरी हे शिकले.

मग २०२४ उजाडले. फ्लोरिडाच्या पक्षशाखेने बायडेन यांचे एकच नाव पाठवले, त्यामुळे तिथे डेमोक्रॅटिक प्रायमरीच झाली नाही. वयाचा प्रश्न जो विचारेल त्याला गप्प बसवण्यात आले. माझ्या दुकानाच्या काउंटरवर लोक औषध घेताना तो उघड विचारत होते. सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी प्रायमरीत बायडेन यांना मते दिली. ट्रम्प यांच्याशी २७ जूनला टीव्हीवर झालेल्या चर्चेनंतर तीन-साडेतीन आठवड्यांत ते बाजूला झाले आणि कमला हॅरिस यांना २०२४ च्या प्रायमरीत मतदारांसमोर उभे राहण्याची संधीच न मिळता उमेदवारी मिळाली. प्रचाराला उरले १०७ दिवस. त्यांच्या आईचे गाव तमिळनाडूतले, माझे साताऱ्याजवळचे. मला त्यांचा अभिमान वाटला होता आणि आजही वाटतो. पण आपण त्यांना लोकांच्या संमतीवाचून रणांगणात ढकललेत आणि नंतर लोकांनी साथ दिली नाही म्हणून लोकांना दोष दिलात.

मी त्या ऑक्टोबरमध्ये चार शनिवार बिनपगारी रजा घेऊन पेनसिल्व्हेनियातील बक्स काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दारे वाजवली. चौथ्या शनिवारी लेव्हिटाउनमध्ये ओल्या पायरीवरून घसरून माझा घोटा मोडला. विम्याने सोडलेले बिल मी अजून हप्त्यांनी फेडते आहे आणि दुकानात दहा तास उभे राहिल्यावर तो पाय रात्री झोपू देत नाही. हे मी कोणाला सांगितले नव्हते. ज्याच्या पायरीवर पडले, त्या निवृत्त पोलाद कामगाराने मला आत बसवले, गोठवलेल्या वाटाण्याची पिशवी घोट्यावर ठेवली आणि सांगितले, की त्याने ओबामांना दोनदा मत दिले आणि २०१६ पासून ट्रम्प यांना देतो. मी कारण विचारले. तो म्हणाला, "त्यांना मत द्यायला लागल्यापासून तुमच्यासारखी माणसे माझ्या दारात येऊ लागली. त्याआधी कोणी येत नव्हते." याला अडाणी कोण म्हणेल? आपल्या सभेत मंचावरून त्या दिवशी "चुकीच्या माहितीला बळी पडलेला मतदार" हा शब्दप्रयोग चार वेळा आला. मी मोजला होता.

त्या रागाचे पुढे काय होते, तेही मला दिसते. रिपब्लिकन पक्षात २०१६ साली उमेदवारीसाठी उतरलेल्या जेब बुश यांच्या पाठीशी १० कोटी डॉलरहून अधिक पैसा आणि सगळे जुने घराणे उभे होते, त्यांच्या पदरात चार प्रतिनिधी पडले आणि प्रस्थापितांविरुद्धचा संताप पक्ष घेऊन गेला. आठ वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, त्याच पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या सहअध्यक्षपदी उमेदवार ट्रम्प यांची सूनबाई बसली. यंत्रणा मोडायला निघालेल्यांनी यंत्रणा स्वतःच्या घरात आणली. म्हणून मी तिकडे जाणार नाही. पण माझ्या जाण्याला दुसरी जागा नाही, हे आपल्यासारख्यांना ठाऊक आहे आणि त्यावरच आपले सगळे चालले आहे. १९९२ मध्ये अपक्ष रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मते मिळाली आणि राज्यवार मतांवर अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजमध्ये एकही मत मिळाले नाही. एवढ्या पक्क्या भिंती असलेल्या घरात राहणाऱ्याने दार तरी उघडे ठेवायला हवे.

आमच्या राज्यात तर मतपत्रिकासुद्धा पक्षाच्या काउंटी-अध्यक्षांची होती. २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये, त्यांच्या पसंतीचे उमेदवार वरपासून खालपर्यंत एका ओळीत आणि बाकीचे दूर कोपऱ्यात, ज्याला इथे सगळे "मतपत्रिकेचा सैबेरिया" म्हणतात, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिनेटचे उमेदवार अँडी किम न्यायालयात गेले आणि मार्चमध्ये निकाल लागला तेव्हा कुठे आमच्या पक्षाच्या प्रायमरीतली ती "लाइन" गेली. पक्षाने आपणहून काही सोडले नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये, बायडेन यांनी २०२० मध्ये सुमारे १६ टक्क्यांनी जिंकलेले हे राज्य हॅरिस यांनी जेमतेम ६ टक्क्यांनी राखले आणि पसेइक काउंटी ट्रम्प यांच्याकडे गेली. पॅटरसनसारखे कामगारांचे, स्थलांतरितांचे शहर ज्या काउंटीत आहे, ती काउंटी! हे लोक वर्षानुवर्षे आपले होते आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणी फिरकले नाही.

माझ्या मागण्या दोन आहेत. २०२८ साठी आमच्या राज्याचे मतदान संपेपर्यंत आपण अध्यक्षपदाच्या कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा जाहीर करणार नाही, हे लेखी द्यावे. आणि ती कार्डे वाचावीत. तीस दिवसांत दोन्ही झाले नाही, तर ज्या घरांकडे मी आपल्यासाठी मते मागितली, त्या प्रत्येक घराला मी फोन करून हे पत्र वाचून दाखवेन. यादी माझ्याकडे आहे, माझ्याच अक्षरात.

खोके प्रिंटरच्या टेबलाखाली, भिंतीच्या बाजूला आहे. माझे कार्ड वरून चौथे आहे.

आपल्या मतदारसंघातील
एक मतदार